आमची वाटचाल : रिकाम्या चौकटींचं कॅलेंडर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात लग्नपत्रिका, बिलबुकं, संस्थांचे अहवाल, सगळं छापलं जातं. पण ओळख आहे ती विद्यार्थ्यांच्या कॅलेंडरची. जून ते मे, आठवडा सोमवारपासून, रविवार तेवढा लाल. तिथी नाहीत, राशिभविष्य नाही, पानामागे पाककृती नाहीत. ते सगळं घरातल्या मोठ्या कॅलेंडरवर असतंच. मुलाला टेबलावर लिहायला जागा हवी असते. आम्ही ती जागा विकतो.

आमचे मशीनमन पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. चौकटींच्या करड्या रेघा काळ्या शाईच्याच २० टक्के टिंटमध्ये, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या फिक्या छटेत काढल्या की भिंगाखाली रेघ दिसत नाही, ठिपके दिसतात. म्हणून काळी, लाल आणि करड्या शाईची वेगळी, अशा तीन प्लेट लावायच्या, हा त्यांचा हट्ट. कागद १२० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथोच, चकाकी नसलेला, लिहायला चांगला. आर्ट पेपर गुळगुळीत दिसतो, पण त्यावर जेल पेनची शाई पटकन सुकत नाही, हात लागला की फरफटते. आणि प्रत्येक महिन्याला सहा ओळी. पाच ओळींत बसवायला गेलं की शेवटच्या तारखा वरच्या चौकटीत कोंबाव्या लागतात. मग त्या दिवशी मुलानं लिहायचं कुठे?

२०१९ च्या उन्हाळ्यात स्टेशनजवळच्या एका क्लासचे मालक मोठी ऑर्डर घेऊन आले. नमुना आवडला, दर ठरला. 'आमच्या डिझायनरला दाखवतो' म्हणून ओपन फाइल, म्हणजे हवे ते बदल करता येतील अशी डिझाइनची मूळ फाइल, मागून नेली. पुन्हा फोन नाही. जूनमध्ये तेच कॅलेंडर त्यांच्या नावानं, प्रवेशाबरोबर फुकट. आमचाच टाइप, आमच्याच रेघा, कोपऱ्याची गोलाईसुद्धा आमचीच. सहावी ओळ मात्र कापून तिथे गुणवंतांचे फोटो आणि फोन नंबर. १ मार्च २०२० रविवारी येत होता, त्यामुळे २३ च्या चौकटीत ३० आणि २४ च्या चौकटीत ३१ कोंबलेली. दहावीचा भूगोलाचा पेपर नेमका २३ मार्चला होता! चोरी केली ती केली, मुलांची जागाही खाल्ली. मला आजही संताप येतो तो याचाच.

फुकट मिळतंय म्हटल्यावर विकत कोण घेणार? दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. कागदवाल्याची उधारी थकली, कटिंग मशीन विकायची बोलणी झाली. त्या दिवसांत गोखले रोडवरच्या स्टेशनरीवाल्या काकांनी एकही गठ्ठा परत केला नाही. उलट पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ दिले. क्लासचं कॅलेंडर काउंटरवर आमच्याशेजारी ठेवून ते गिऱ्हाइकाला म्हणायचे, "दोन्हींवर लिहून बघा." क्लासचं चकचकीत आर्ट पेपरवर होतं. पेन फिरलं की फरक कळायचा.

मग टाळेबंदी आली. तो भूगोलाचा पेपर झालाच नाही, शाळा बंद पडल्या. ते वर्ष सगळ्याच छापखान्यांचं गेलं. काकांच्या आगाऊ पैशांवर पगार निघाले आणि मशीन राहिलं. त्यानंतर ठीक चाललंय.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांनो, अ‍ॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय ओपन फाइल देऊ नका. दाखवायला कमी रिझोल्यूशनची पीडीएफ, वर आपलं नाव आडवं टाकून. वायरो (पानं बांधायची तारेची कडी) घालण्याआधी छिद्रं एका पानावर तपासा, सगळा गठ्ठा पंच करून मग बघू नका. आणि आईवडिलांनो, चौकटी मुलाला भरू द्या. तुमच्या अक्षरातलं वेळापत्रक तो बघतसुद्धा नाही.

दुकानदारांना एकच विनंती, माल मे महिन्यातच उचला. ठाण्यात पाऊस सुरू झाला की मॅपलिथो ओल धरतो, पानं लाटांसारखी वाकतात आणि दोष आमच्या छपाईला लागतो. काकांचा टेम्पो दरवर्षी पंधरा मेच्या आत येऊन जातो.