काय भेटलं?

"ख्रिस्ती होऊन काय भेटलं तुम्हाला?" एसटीत शेजारी बसलेल्या बाईपासून नव्यानं ओळख झालेल्या शिक्षकांपर्यंत सगळे हेच विचारतात. आता चर्चच्या मंडळीतली तरुण पोरंही विचारायला लागली आहेत, सूर तेवढा वेगळा: "भिंतीवर बायबलातलं यिर्मया २९:११ लावलंय, तरी सोयाबीन गेलंच. वाचूनही काही वाटत नाही. मग ही आशा म्हणजे काय असतं?" दोघांनाही द्यायचं उत्तर माझ्याकडे एकच आहे, म्हणून एकदाच नीट लिहिते.

आधी पहिल्यांचं. तांदूळ, पैसा, नोकरी असं काही मनात धरून विचारत असाल, तर अनुसूचित जातींत कोणत्या धर्माची माणसं धरायची ते ठरवणारा १९५० चा आदेश बघा. त्यात १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. महारा-मांगाच्या घरातला माणूस ख्रिस्ती झाला की दाखल्यावरची जात जाते, गावाच्या मनातली जागची हलत नाही. हिशेबच मांडायचा तर हा आकडाही मांडा.

मला मिळालं ते एक पत्र. यिर्मया या संदेष्ट्यानं बाबेलला बंदी करून नेलेल्या आपल्या लोकांना लिहिलेलं, बायबलात यिर्मयाच्या पुस्तकाचा एकोणतिसावा अध्याय. भिंतीवरचं वचन त्याच पत्रातली एक ओळ आहे: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, ते तुम्हाला पुढच्या काळाची आशा देणारे आहेत. ही ओळ आपण लग्नपत्रिकेवर छापतो, ट्रॅक्टरच्या काचेवर लिहितो, दहावीच्या मुलांना कार्डावर देतो. आणि तिच्या आधीची ओळ सोडून देतो. दहाव्या वचनात लिहिलंय: बाबेलात सत्तर वर्षं भरल्यावर.

मीही संडे स्कूलच्या मुलांकडून वर्षानुवर्षं अकरावं वचनच पाठ करून घेतलं. त्यात लबाडी नव्हती. वाटायचं, लेकरांना सत्तर वर्षं कशाला सांगायची? आज वाटतं, तीच सांगायला हवी होती. पण तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, आठ वर्षांच्या पोराला सत्तर वर्षांनंतरची आशा देऊन तू त्याच्या हातात नेमकं काय ठेवलंस? तिला गप्प करील असं उत्तर माझ्याकडे नाही.

ते पत्र कळायला त्याच्या आधीचा अध्याय वाचावा लागतो, आणि तो आपल्याकडे फार कमी वाचला जातो. यहूदाच्या सिद्कीया राजाचं चौथं वर्ष, पाचवा महिना. त्याच्या आधीच्या यकन्या राजाला आणि त्याच्याबरोबर हजारोंना बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजानं आधीच बाबेलला नेलंय. यरुशलेमेच्या मंदिराची पात्रंही नेली. उरलेले लोक मंदिरात जमलेत आणि यिर्मयाच्या मानेवर जू आहे. बैलाच्या मानेवर ठेवतात तसंच, दोऱ्या आणि लाकडी दांड्यांचं. बाबेलची सत्ता इतक्यात उठणार नाही, तिच्याखाली वाका आणि जगा, हे सांगायला देवानं त्याला ते घालायला लावलंय. ज्यांनी बैलांची खांदेसूज पाहिली आहे, तिला हळद-तेल लावलं आहे, त्यांना माणसाच्या मानेवरचं ते लाकूड वेगळं समजावून सांगायला नको.

तिथं गिबोनचा हनन्या उभा राहतो. तोही संदेष्टाच. तोही "परमेश्वर म्हणतो" असंच म्हणून बोलतो: बाबेलच्या राजाचं जू मी मोडलं आहे. दोन वर्षांच्या आत पात्रं परत येतील, यकन्या परत येईल, गेलेले सगळे परत येतील. दोन वर्षं! तेवढी कोणीही काढील. यावर यिर्मया काय म्हणतो? "आमेन. परमेश्वर असंच करो." तो टोमणा मारत नाही, असं मला वाचताना वाटतं. त्यालाही लोक परत यायलाच हवे आहेत. पुढं एवढंच म्हणतो की सुखाशांतीचं भविष्य सांगणारा संदेष्टा खरा की खोटा, ते त्याचं म्हणणं घडून आल्यावर कळतं.

मग हनन्या पुढं होतो, यिर्मयाच्या मानेवरचं जू ओढून काढतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडतो. लाकूड मोडल्याचा आवाज त्या गर्दीला किती बरा वाटला असेल. शास्त्र पुढं एवढंच लिहितं, की यिर्मया आपल्या वाटेनं निघून गेला.

तो भांडला नाही, त्यानं शापही दिला नाही. देवाचं वचन त्याला नंतर मिळालं: लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं येईल. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला, आणि प्रवचनांत बहुतेक याच मरणावर जोर असतो. मला वाटतं, मधल्या त्या चालत जाण्यावर जास्त बोलायला हवं. खरं सांगणाऱ्याकडे त्या घडीला काहीच नव्हतं. मान मोकळी झाली होती, लोक दुसऱ्याच्या बाजूनं होते, आणि देव गप्प होता. पीक गेलेल्या घरात, माणूस गेलेल्या घरात आपण बसतो तेव्हा आपल्यापाशीही काही नसतं. तिथं गप्प बसून उठून येणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे, हे मी या एका ओळीवरून शिकले.

हनन्या आपल्याकडेही येतो. मंडप पडतो, माईकवरून सांगतात, "या वर्षी तुझं कर्ज फिटेल, आमेन म्हण." बाई आमेन म्हणते. दुबार पेरणीही फसली की तिला वाटतं, आपलाच विश्वास उणा पडला. मग मानेवर दोन जुवं, एक सोसायटीच्या कर्जाचं आणि एक अपराधाचं. याचा मला फार राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

आता पत्र. ते शाफानाचा पुत्र एलासा आणि हिल्कीयाचा पुत्र गमऱ्या यांच्या हाती यरुशलेमेहून बाबेलला गेलं. वाट किती लांबची, तर पुढच्या काळात एज्रा शास्त्र्याला बाबेलहून यरुशलेमेला यायला चार महिने लागले. आणि आत लिहिलं काय, तर घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, लेकरांची लग्नं लावा. तिथं वाढा, घटू नका. ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर सत्तर वर्षं, आणि त्यानंतर भिंतीवरचं वचन. पत्र ऐकणारा तीस वर्षांचा असेल, तर परतीचा दिवस बघायला त्याला शंभरी गाठावी लागेल. म्हणजे ही आशा ज्यांना लिहिली त्यांतले बहुतेक ती बघणार नव्हते, आणि तरी त्यांना झाडं लावायला सांगितलं होतं.

मूळ हिब्रूत अकराव्या वचनातल्या हितासाठी "शालोम" हा शब्द आहे, आणि सातव्या वचनात त्या परक्या नगराच्या हितासाठी तोच तीनदा आलाय. त्याचं शालोम बघा, त्याच्या शालोममध्ये तुमचं शालोम. आपलं भलं शेजाऱ्याच्या भल्याला असं बांधलेलं आहे, मग तो शेजारी आपल्याला पाणवठ्यावर उभं करीत असो वा नसो. "आशा" या शब्दाचंही तसंच. हिब्रूत तो "तिक्वा". यहोशवाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब नावाच्या बाईनं खिडकीला बांधलेल्या लाल दोरीलाही हाच शब्द वापरलाय. मराठीत आपण आशा धरतो म्हणतो, ते म्हणूनच मला आवडतं.

आमच्याकडच्या ऊसतोडीच्या घरांना हे पत्र समजावून सांगावं लागत नाही. दसरा झाला की उचल घेतलेली जोडपी निघतात, नाताळ फडात होतो, वाचन कोपीत, भाकरी झाल्यावर. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पत्रात त्यांची ओळख घर बांधणारे, मळा लावणारे, जिथं नेलंय त्या गावासाठी प्रार्थना करणारे. मी कोण, आणि कशासाठी, या दोन्हीला मला याहून सरळ उत्तर सापडलेलं नाही. जालन्याजवळ मिशनरी नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात निजामाच्या मुलखात जमीन मिळवून बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, तेव्हा पत्रातलं घरं बांधा, मळे लावा हे पाचवं वचन अक्षरशः जमिनीवर उतरलं होतं.

पोरांनो, आता तुमचं, "वाचूनही काही वाटत नाही." आधी कुठं अडतं ते बघा. वर्षात अख्खं बायबल वाचायचं म्हणून १ जानेवारीला उत्पत्ती उघडता. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीनाहून जास्त. निर्गमच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापं सुरू होतात, पुढं लेवीय लागतं, आणि फेब्रुवारीत गाडी थांबते. मग अपराधी वाटून कुठलंही पान उघडून बोट ठेवता. तसं करू नका. यिर्मया २७, २८, २९ असे सलग घ्या. २२, १७ आणि ३२ मिळून ७१ वचनं होतात. एका बैठकीत आणि मोठ्यानं वाचा, कारण पत्र ऐकण्यासाठीच लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे देवानं करायला सांगितलेलं, उजवीकडे देव करीन म्हणाला ते. डावी बाजू आधी भरते, आणि तिच्यातलं बहुतेक याच आठवड्यात सुरू करता येतं. प्रार्थनेची यादी करताना "सर्वांचं भलं कर" असं लिहू नका, त्यानं काही हलत नाही. टँकरवाला, लाईनमन, अंगणवाडीच्या बाई, ज्याच्याशी बांधावरून वाद आहे तो, असं माणूस धरून लिहा. आणि वचनातला "तुम्हाला" अनेकवचनी आहे हे विसरू नका. एकट्यानं कोपऱ्यात बसून धरायची ती आशा नाही.

ज्या दिवशी डावी बाजूही नकोशी वाटते, त्या दिवशी स्तोत्र १३. सहाच वचनं. पहिल्या दोनांत चार वेळा "कोठवर?" विचारलंय, मधल्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. त्याच घडणीवर स्वतःच्या सहा ओळी लिहा. चुकतं ते इथं, की आपण पाचव्या ओळीपासून सुरू करतो. घरी, उपासनेत तसंच शिकवलंय, आधी धन्यवाद. "कोठवर" गिळलं की पुढचा भरवसा घशाखाली उतरत नाही. आणि भरवसा लिहवतच नसेल, तर स्तोत्र ८८ आहे. ते अंधारातच संपतं, आणि तेही शास्त्रातच ठेवलेलं आहे. प्रभू येशूनं वधस्तंभावर "माझ्या देवा, तू मला का सोडलंस" हे बाविसाव्या स्तोत्रातलं वाक्य उच्चारलं, तेही विचारणंच होतं.

आता "काय भेटलं"कडे परत येते, कारण यकन्याचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांत येईल असं हनन्यानं ज्याच्याबद्दल सांगितलं तो राजा. तो आला नाही. बंदिवासाच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलच्या नव्या राजानं त्याला तुरुंगातून काढलं, त्यानं तुरुंगातले कपडे बदलले, आणि मरेपर्यंत त्याला रोजचं जेवण राजाच्या पंगतीला मिळालं. राजांचं दुसरं पुस्तक इथंच संपतं. घरी गेला असं कुठंही लिहिलेलं नाही. पण मत्तयाच्या पहिल्या पानावर, आपण कंटाळून सोडून देतो त्या वंशावळीत, प्रभू येशूच्या पूर्वजांमध्ये त्याचं नाव आहे. मराठीत तिथं ते यखन्या असं छापतात.

हे त्याला कळलं नव्हतं. ते पुरेसं आहे का, असं तुम्ही पुढं विचाराल. मीही विचारते.