न मोजता येणारा पैसा

इंग्रजी व्याकरणाच्या मते पैसा मोजता येत नाही. बँकेत नोटा मोजायची यंत्रं घरघरत असतात, तरी ‘मनी’ची जागा पाणी आणि वाळूच्या पंगतीत. त्याला ‘मेनी’ चालत नाही, ‘मच’ लागतं. नाणी मोजा, रुपये मोजा, पैसा मात्र नाही. (आमच्याकडे महिनाअखेरीला हा नियम तंतोतंत लागू पडतो.)

फर्निचर, लगेज, ॲडव्हाइस, इन्फर्मेशन हेही त्याच पंगतीतले. चार खुर्च्या समोर दिसत असल्या तरी ‘फर्निचर्स’ लिहिलं की तांबडी शाई! बरं, हा त्या वस्तूंचाच गुण म्हणावा, तर फ्रेंच आणि जर्मन भाषांत ‘इन्फर्मेशन’चं अनेकवचन राजरोस होतं. इंग्रजी लिहिताना तिथली मंडळीही मग आपल्यासारखीच घसरतात. हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं.

धान्याच्या कोठीत तर नुसता गोंधळ. ‘राइस’ मोजायचा नाही, ‘व्हीट’ही नाही, पण ‘ओट्स’ अनेकवचनी. मटार पूर्वी ‘पीझ’ होता, वाळूसारखाच न मोजायचा. शेवटच्या ‘झ’मुळे लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि सतराव्या शतकात त्यांनी त्यातून ‘पी’ हा एक दाणा सोलून काढला. अर्थात आपण हसायचं कारण नाही. आपले तांदूळ निवडले जातात, धुतले जातात आणि शिजले की सगळ्यांचा मिळून एक भात होतो. पोहे भिजतात, साबुदाणा भिजतो. का, ते विचारू नये.

‘फ्यू फ्रेंड्स’ (म्हणजे जवळजवळ नाहीतच) असलेल्याची कीव करावी, ‘अ फ्यू फ्रेंड्स’ (म्हणजे थोडे का होईना, आहेत) असलेल्याकडे चहाला जावं. एवढ्याशा ‘अ’वर माणसाची सोबत ठरते.

‘कमी’साठी न मोजायच्या गोष्टींना ‘लेस’ आणि मोजायच्या गोष्टींना ‘फ्युअर’, या नियमावरून तर खुद्द इंग्रजच भांडतात. सुपरमार्केटात थोडं सामान घेणाऱ्यांच्या काउंटरवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असे. वस्तू मोजता येतात, तेव्हा ‘फ्युअर’च हवं, म्हणून शुद्धलेखनवाले तापले. वास्तविक नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या लिखाणातही मोजायच्या गोष्टींना ‘लेस’ आहे. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या भाषेवर लिहिणाऱ्या लेखकानं ‘फ्युअर’ बरं वाटतं असं स्वतःचं मत लिहिलं, आणि पुढच्यांनी त्याचा कायदा केला. शेवटी २००८ मध्ये ‘टेस्को’ या ब्रिटिश सुपरमार्केटनं पाटीच बदलून ‘अप टू टेन आयटम्स’ केली. भांडणात न पडता वाट काढली.

अडलेल्यांसाठी अशीच एक वाट आहे, ‘अ लॉट ऑफ’. मोजा, न मोजा, ते दोन्हीकडे चालतं. फक्त ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये नेमका तोच पर्याय दिलेला नसतो.