रक्तपिपासू आणि मुद्राराक्षस

भर दुपारी पुस्तक वाचता वाचता थबकलो. मागच्याच प्रकरणात ज्याला एअरलॉकमधून अंतराळात भिरकावून दिलं होतं, तो इंजिनिअर इथे खुशाल व्हॅम्पायरशी हुज्जत घालत उभा! व्हॅम्पायरचं समजू शकतो, मरूनही हिंडणं हा त्याचा धंदाच आहे. पण इंजिनिअर साधा माणूस होता हो. मागची पानं पुन्हा चाळली. काही नाही, लेखक विसरला होता.

ही मालिका एकटा माणूस लिहितो आणि स्वतःच ई-बुक करून विकतो. संपादक नाही, मुद्रितशोधक नाही, तोंडावर सांगणारा मित्रही नसावा. कॅप्टनबाईंचे डोळे पहिल्या भागात घारे, दुसऱ्यात काळेभोर. एकाचं नाव मध्येच बदललंय, पण जुनं नाव अधूनमधून डोकं वर काढतं. अवतरणचिन्ह उघडतं ते मिटतच नाही. पुढचं पानभर कोण बोलतंय ते आपण ठरवायचं.

एरवी सूचनाफलकावरची वेलांटी चुकली तरी माझं डोकं उठतं. ही खोड शाळेतली. ग्रंथालयातल्या एका रहस्यकथेत माझ्या आधीच्या कुणा वाचकाने शिसपेन्सिलीने चुका दुरुस्त केल्या होत्या. बारीक, तिरकं अक्षर. आधी नुसते ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेले अनुस्वार. मग समासात, ‘खोली तर आतून बंद होती ना?’ पुढे, ‘मग हा आला कुठून?’ असा गडी पानोपानी भांडत गेलेला. आणि शेवटून दुसऱ्या पानावर फक्त, ‘बरं.’ खुनी कोण होता ते साफ विसरलो. ते ‘बरं’ अजून डोळ्यांसमोर आहे. हल्ली मी तेच करतो, पेन्सिलीऐवजी स्क्रीनवर बोटाने पिवळं फासत.

तरी ही मालिका सोडवत नाही. कारण या माणसाला प्रश्न भन्नाट पडतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती सुमारे 90 मिनिटांत एक फेरी मारतं, म्हणजे तिथे दिवसाला 16 वेळा सूर्य उगवतो. अशा कक्षेत व्हॅम्पायरने निजायचं कधी? अख्खा पहिला भाग यावर उभा आहे. आणि बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, या जुन्या नियमाचं काय? एअरलॉकमध्ये हवा भरते, आतलं दार सरकतं, संगणक ठरावीक आवाजात ‘स्वागत आहे’ म्हणतो. व्हॅम्पायर एक पाय उचलतो, तसाच अधांतरी धरतो आणि विचारतो, ‘हे कोण म्हणालं?’ पुढे आमंत्रण यंत्राचं चालतं की माणसाचंच लागतं, यावर खल चालू, आणि तिकडे सूर्य वर यायला लागलेला. या प्रकरणात स्वल्पविराम जवळपास नाहीतच. मला ते संपल्यावर कळलं.

शिवाय संपादक असलेल्यांचे दिवे काय कमी आहेत? शेरलॉक होम्सच्या मित्राला, डॉ. वॉटसनला, 1887च्या कादंबरीत गोळी लागते खांद्याला. 1890च्या कादंबरीत दुखतो पाय. उन्हाचंच घ्या. ब्रॅम स्टोकरचा 1897चा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो, फक्त त्याच्या शक्ती आटतात. उजेड पडताच व्हॅम्पायर नाहीसा होतो ते 1922च्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटात. आणि आपण मात्र तो पुरातन नियम समजून बसलोय!

चुकांची यादी मी करून ठेवली आहे, प्रकरणवार. लेखकाचा ईमेल शेवटच्या पानावर आहे, ‘वाचकांनी जरूर कळवावं’ अशा विनंतीसह. ई-बुक दुरुस्त करून पुन्हा चढवायला वेळही लागत नाही म्हणे. पण पाठवत नाही. पाठवली, तर हा भला माणूस दुरुस्त्या करत बसायचा आणि चौथा भाग लांबणीवर पडायचा.