अर्ज प्रलंबित असताना जर्मनीबाहेर प्रवास : माझा अनुभव

जर्मनीतील कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यासाठी मी ब्लू कार्डाची, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या वास्तव्य परवान्याची, मुदत संपण्यापूर्वीच अर्ज केला होता. बी-१ (मध्यम) पातळीची जर्मन भाषा येत असेल तर ब्लू कार्डधारकाला २१ महिन्यांनंतर हा अर्ज करता येतो, आणि तेथपर्यंत सारे सुरळीत पार पडले. पुढे निर्णय होण्याआधीच कार्डाची मुदत संपली आणि त्याच सुमारास सांगलीत वडिलांची बायपास शस्त्रक्रिया ठरली.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ मधील चौथ्या उपकलमानुसार, मुदतीत अर्ज केलेला असल्यास जुना परवाना निर्णय होईपर्यंत चालू आहे असे मानले जाते. मात्र जर्मनीबाहेर जाऊन परत यायचे असेल, तर त्याचा पुरावा म्हणून ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचे कागदी प्रमाणपत्र हातात असावे लागते. त्याचे शुल्क १३ युरो आहे; पण ते मिळवताना मी अक्षरशः मेटाकुटीला आलो.

आमच्या शहरातील परदेशी नागरिकांचे कार्यालय दूरध्वनी उचलत नसे, संकेतस्थळावर भेटीची एकही वेळ शिल्लक दिसत नसे आणि प्रत्येक ईमेलला ‘पुन्हा विचारणा केल्यास कामास विलंब होईल’ असे ठरावीक उत्तर येत असे. अखेर एका कर्मचाऱ्याने कळवले, की ऑनलाइन अर्जाची पोच माझ्यासाठी पुरेशी आहे. हे वाचून मला झालेला संताप अजूनही शमलेला नाही, कारण ती पोच अर्ज केल्याचा पुरावा असली तरी सीमेवर प्रवेश मिळवून देणारा दस्तऐवज नव्हे, आणि हे त्या कार्यालयाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? वडील रुग्णालयात असताना मुलाने कोणत्या भरवशावर विमानात बसायचे, याचे उत्तर द्यायला तेथे कोणीही नव्हते. शेवटी मी कलमाचा उल्लेख करून, रुग्णालयाचे पत्र जोडून, नोंदणीकृत टपालाने लेखी मागणी केली, तेव्हा कोठे मला बोलावणे आले. ज्यांना तातडीने जायचे आहे त्यांनी ईमेलवर विसंबून न राहता पहिल्याच आठवड्यात असे पत्र पाठवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

त्या दिवशीही काम सहज झाले नाही. प्रमाणपत्राच्या तिसऱ्या पानावर तीन चौकोन असतात आणि परत येण्याचा अधिकार केवळ तिसऱ्या चौकोनावरील खुणेने मिळतो. माझ्या कागदावर पहिल्या चौकोनात खूण केलेली होती. मी ते तेथेच दाखवून दुरुस्त करून घेतले, आणि त्या क्षणी ठाम राहिलो याचे मला आजही समाधान वाटते. कागद हाती येताच खिडकीसमोर उभे राहूनच तिसरे पान तपासावे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती : मुदत संपलेले कार्ड कार्यालयाला परत देऊ नये. हे प्रमाणपत्र त्या जुन्या कार्डासोबतच प्रवेशासाठी ग्राह्य धरले जाते.

वडिलांची शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. परतताना मुंबई विमानतळावर विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी असा कागद पूर्वी पाहिलेला नसल्याने मला बराच वेळ बाजूला थांबवले. जर्मनीने युरोपीय आयोगाला कळवलेल्या वास्तव्य परवान्यांच्या यादीत या प्रमाणपत्राची नोंद आहे. त्या पानाची छापील प्रत मी जवळ ठेवली होती आणि ती वरिष्ठांना दाखवल्यावर बोर्डिंग पास मिळाला. फ्रँकफर्टला अधिकाऱ्याने जुने कार्ड आणि तिसरे पान पाहून एकही प्रश्न न विचारता मला आत सोडले. प्रमाणपत्रावर अखेरची तारीख छापलेली असते, म्हणून परतीचे तिकीट त्या तारखेच्या पुरेसे आधीचे काढावे; भारतात असताना ती उलटली, तर परतण्यासाठी नव्याने व्हिसा मागण्याची वेळ येऊ शकते.