अपडाऊन करणाऱ्या मित्रासाठी पुस्तके : उन्हाळ्यापासूनची नोंद

नागपूर-वर्धा रोज अपडाऊन करणाऱ्या एका मित्राने उन्हाळ्यात ‘वाचायला काहीतरी सुचव’ असे म्हटल्यापासून त्याला काय दिले आणि त्याचे पुढे काय झाले, हे आपल्यासारख्या वाचनवेड्यांसाठी येथे नोंदवीत आहे. शाळा सुटल्यापासून त्याचे वाचन वर्तमानपत्रापुरते उरले होते. म्हणून पुस्तक गाडीत उभ्याने वाचता यावे आणि त्यातला मुलूख त्याच्या पाहण्यातला असावा, एवढ्या दोनच कसोट्या मी लावल्या. ‘हे तर वाचलेच पाहिजे’ अशा याद्यांनी जेवढे वाचक पळवले, तेवढे मोबाइलनेही पळवले नसतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’. माणदेशातला हा लेखक आपल्या झाडीपट्टीतल्या जंगलात मुक्काम ठोकतो आणि दिसेल ते टिपत जातो. कथानकाचा धागा नसल्यामुळे बुटीबोरीला मिटलेले पुस्तक सिंदीला उघडले तरी काही बिघडत नाही. ते संपताच त्याने स्वतःहून ‘याचंच आणखी काही आहे का?’ असे विचारले, तेव्हा ‘सत्तांतर’ दिले. वानरांच्या टोळीतील सत्तेच्या लढाईवरील या छोट्या कादंबरीला 1983चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे. मित्राला मात्र पुरस्कारापेक्षा गावाकडच्या घराची कौले फोडणाऱ्या वानरांचा हिशेब त्यात सापडला.

खरा कस लागला तो उद्धव शेळके यांच्या ‘धग’ला. 1960 साली आलेल्या या कादंबरीचे निवेदन प्रमाण मराठीत आहे, पण माणसे वऱ्हाडीत बोलतात, आणि ती बोली चव आणण्यासाठी वरून भुरभुरलेली नाही. नायिका कौतिकचा संताप, तिची चिकाटी आणि संसार सावरण्याची तिची धडपड त्या बोलीशिवाय उभीच राहू शकली नसती. पुस्तक जड आहे, म्हणूनच ते पहिले दिले नव्हते. मित्राचे मूळ घर आर्वीकडचे. त्याने एका रात्री आईला दोन पाने वाचून दाखवली, तर ती माउली म्हणाली, ‘थांबला काऊन? पुढं काय झालं थे सांग.’ तेव्हापासून घरी जेवणानंतर मोठ्याने वाचन होऊ लागले.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ त्याने एका रविवारी संपवले. नाटक वाचायचे नसते, पाहायचे असते, अशी त्याची समजूत होती; अंगणात बंद पडलेल्या ट्रॅक्टरने ती मोडली. सध्या त्याच्या पिशवीत लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेत. अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक नागपुरात राहिले, तो भाग त्याने परत परत वाचला. बाईंची मिस्कील वाक्ये तो मला फोनवर ऐकवतो, ती मला पाठ आहेत हे मी सांगत नाही.

ग्रेस यांची कविता मात्र मुद्दाम मागे ठेवली आहे. ते आपल्या नागपूरचे असले, तरी त्यांच्या प्रतिमा डब्यातल्या धक्काबुक्कीत हाती लागणाऱ्या नव्हेत. त्याआधी मारुती चितमपल्लींचे ‘चकवाचांदण’ काढून ठेवले आहे. ते चांगलेच जाड असल्याने गाडीत न नेता दिवाळीच्या सुट्टीत आर्वीला घेऊन जायचे, असे आमचे ठरले आहे.