भट्टीच्या तोंडाशी

वेफर उभे ठेवायची क्वार्ट्झची नाव, म्हणजे होडीसारखा खाचांचा ट्रे, भट्टीच्या तोंडाशी आली होती. लांब दांड्याने ती आत ढकलायची, तीही अगदी सावकाश. आत 1000 अंश सेल्सिअस असतं; घाई केली तर सिलिकॉनचे वेफर, म्हणजे पातळ चकत्या, वाकतात. नावेत बारा वेफर उभे होते. पाच विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचे, सात माझ्या संशोधनाचे. त्या सातांवर माझे पाच आठवडे गेले होते.

"तोमेते कुदासाई," शेजारून आवाज आला. थांबवा.

पांढऱ्या क्लीनरूम सूटमध्ये माणसाचे फक्त डोळे दिसतात. तरी कोण बोललं ते कळलं. वर्गातली सर्वांत मोठी विद्यार्थिनी, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षं काम करून आलेली. तिने हात वर धरला होता आणि तो ती खाली घेत नव्हती.

मी नागोयाच्या तेम्पाकु भागातल्या टोयोटा तंत्रज्ञान विद्यापीठात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधक, होते, तेव्हाची ही गोष्ट. जपानी नाव तोयोता कोग्यो दाइगाकु. टोयोटा मोटरच्या पैशातून 1981 साली उभं राहिलेलं खासगी विद्यापीठ. साकुरादोरी मार्गावरच्या आइओइयामा स्थानकाहून टेकडीची वाट धरली की येतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आणखी इमारती शोधत राहिले, इतकं ते लहान आहे. अभियांत्रिकीची एकच शाखा, आणि पहिल्या वर्षी सगळ्यांनी वसतिगृहातच राहायचं. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे सुरुवातीला इथे फक्त कारखान्यात काम केलेल्यांनाच प्रवेश होता. शाळेतून थेट येणारी मुलं 1993 पासून घ्यायला लागले. कंपनीने शिकायला पाठवलेले विद्यार्थी आजही येतात, आणि एकोणीस वर्षांच्या मुलांच्या शेजारी बसून कलनाची गणितं सोडवतात. ती त्यांच्यातलीच.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा राग आला. नाव मध्येच थांबवली, तर वेफर हवेत उघडे राहतात आणि धुलाईपासून सगळं पुन्हा करावं लागतं. भट्टीची वेळ हातची जाते, आणि ती वेळ मिळवायला मी दोन आठवडे वाट पाहिली होती. "काय झालं?" मी विचारलं. माझ्या आवाजात धार होती, हे मला स्वतःलाच ऐकू आलं.

तिने बोट दाखवलं. माझ्या सातपैकी तिसऱ्या वेफरच्या कडेला, अगदी नखाएवढ्या जागेत, रंगाची छटा होती. पाण्यावर तेलाचा थेंब पसरला की दिसते तशी, जांभळी-हिरवी. डोकं एका बाजूला कललं, तरच दिसायची. मला दिसली नव्हती. पिवळ्या दिव्यांखाली महिनोन्महिने काम केलं की डोळे अशा छटांना सरावतात, असं मी स्वतःला सांगू शकले असते. पण भट्टीच्या खोलीत दिवे पांढरेच होते.

नाव मागे घेतली. वेफर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कडेला फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाशाने नक्षी उमटवण्यासाठी लावतात त्या लेपाचा, पातळ थर शिल्लक होता. रेझिस्ट वेफरवर फिरवून पसरवतात, तेव्हा कडेला त्याचा जाडसर काठ तयार होतो आणि निघायला तोच सर्वांत चिवट. तो काढायला सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं मिश्रण वापरतात. ते दर वेळी ताजं करायचं, कारण पेरॉक्साइड आपोआप विघटित होत जातं आणि मिश्रणाची ताकद उतरते. आदल्या रात्री शेवटच्या मेट्रोची वेळ झाली होती. मी दुपारच्या खेपेचंच मिश्रण पुन्हा तापवून वापरलं होतं. चूक माझी, संपूर्ण माझी.

वेफर माझे बिघडले असते तर बिघडले असते. पण भट्टीत रेझिस्ट जळून गेलं, तरी त्यातले धातूंचे सूक्ष्म अंश क्वार्ट्झच्या नळीत मुरतात आणि पुढे जो कोणी त्या नळीत वेफर घालेल, त्याच्या वेफरमध्ये उतरतात. कुणालाही कारण कळलं नसतं. इतरांचे किती महिने वाया गेले असते, याचा विचार मी त्या दिवशी जेवताना करत होते आणि घास उतरत नव्हता.

सेन्सेई, म्हणजे आमचे प्राध्यापक, आले. त्यांनी वेफर पाहिला, वळून त्या विद्यार्थिनीला वाकून "आरिगातो गोझाइमास" म्हटलं, आणि मला विचारलं, "मिश्रण कधीचं होतं?" मी सांगितलं. त्यांनी नोंदवहीत वेळ आणि कारण लिहिलं. माझं नाव लिहिलं नाही.

संध्याकाळी मी तिची माफी मागितली. ती गोंधळली. म्हणाली, कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात: तोमेरु, योबु, मात्सु. काही वेगळं दिसलं की थांबव, हाक मार, वाट पाहा. खात्री नसली तरी? मी विचारलं. "खात्री करणं हे नंतर येणाऱ्याचं काम," ती म्हणाली.

मी मूळची इचलकरंजीची. आमच्या गावात पहिला यंत्रमाग 1904 साली आला. आमच्या घरी बारा माग आहेत. म्हणून नागोयात आल्यावर पहिल्याच महिन्यात मी साको स्थानकाजवळचं टोयोटाचं तंत्रज्ञान संग्रहालय पाहायला गेले होते. जुन्या लाल विटांच्या कापडगिरणीत साकिची तोयोदा यांचा 1924 चा जी प्रकारचा स्वयंचलित माग तिथे चालू करून दाखवतात. उभ्या धाग्यांवर पत्र्याच्या पातळ पट्ट्या टांगलेल्या असतात. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. याच मागाचे हक्क 1929 साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने एक लाख पौंडांना घेतले. तेव्हा मला त्यात यंत्राची हुशारी दिसली होती. थांबणाऱ्याला काही गमवावं लागत नाही, हे नव्हतं दिसलं.

रात्री नऊला आप्पांना फोन लावला. तिकडे साडेपाच, मागे खडखडाट चालू. सगळं सांगितलं.

"आणि तिला कोण काय बोललं न्हाई?"

"नाही आप्पा. आभार मानले उलट."

"तुझं काम अडलं की पण."

"अडलं. वाचलं पण."

ते गप्प झाले. आमच्याकडे मजुरी मीटरवर असते. माग थांबला की कामगाराची कमाई थांबते, म्हणून धागा तुटत असला तरी तो शक्यतो चालवत राहतो. हे मी लहानपणापासून पाहिलं आहे, आणि त्यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

"परवा पाच नंबरच्या पोराला लई बोललो मी," आप्पा म्हणाले. "सारखा धागा तुटतोय म्हणून माग बंद करून बसला होता. नंतर बघितलं तर उभा धागा गुंडाळलेला बीमच खराब निघाला."

"मग? त्या वेळेची मजुरी दिली का?"

"आठवड्याचा पगार व्हायचा हाय अजून," ते म्हणाले. मग फोनवर बराच वेळ मागांचाच आवाज येत राहिला.