जुन्या गिटारीचं ऑक्टेव्ह मॅंडोलिन झालं!

आज दिवस शहापुरात काकांच्या वर्कशॉपमध्ये गेला. आजोबांच्या पार्लर गिटारीला (लहान अंगाची जुन्या घाटाची गिटार) आता आठ तारा आहेत. चार जोड्या, जी-डी-ए-ई या सुरांत, मॅंडोलिनच्या एक सप्तक खाली. तारा जिच्यावर टेकतात त्या चिकटवलेल्या घोडीनं एवढा ताण सोसला नसता, तबली (गिटारीची वरची फळी) उचलली असती. म्हणून तारा मागे टेलपीसला, म्हणजे गिटारीच्या बुडाशी बसवलेल्या पट्टीला अडकवल्या, नवी घोडी नुसती तारांच्या दाबावर उभी. बाराव्या पडद्यावर सूर चढा लागत होता. काकांनी घोडी केसभर मागे सरकवली आणि जुळला! "तारा हलक्याच ठेव बाळा, तबलीला आधार देणाऱ्या आतल्या पट्ट्या जुन्या आहेत," म्हणाले. जुनं पॉलिश मात्र मी खरवडू दिलं नाही, आजोबांचा हात लागलाय त्याला. रविवारी टिळकवाडीत घरीच आहे, ऐकायला नक्की या.